ढोलीपाशी आलेली सभा

फार जुन्या काळी प्राण्यांची ही सभा सुरू झाली, ते कथा सांगणाऱ्याने पाहिलेले नाही, धनेशिणीनेही नाही. धनेश पक्ष्याची ही मादी तेव्हा राईतल्या बेहड्याच्या झाडाच्या ढोलीत अंड्यावर बसली होती. ढोलीचे तोंड तिने आतून लिंपून घेतले होते आणि नराला चोचीने फळ देता येईल एवढीच फट ठेवली होती.

वाघाने राखून ठेवलेली ती राई एका धनाढ्य रानडुकराला हवी होती. त्याच्या वतीने तरस सभेत म्हणाला, "राई द्या, नदीपलीकडचा दुप्पट माळ घ्या. धनेशीण आलेली नाही, म्हणजे तिची हरकत नाही."

"माळ एवढा चांगला आहे, तर तुझा धनीच तिथे का राहत नाही?" म्हातारे साळिंदर म्हणाले. "धनेशताईला येता येत नसेल, तर आपण तिच्याकडे जाऊ."

वाघासह सारी सभा बेहड्याखाली आली आणि तरसाने माळाचा देकार पुन्हा सांगितला. धनेशिणीने फटीतून विचारले, "तरसभाऊ, त्या माळावर ढोलीचे एक तरी झाड आहे का?"

"हजार रोपे लावून देऊ."

"रोपांना ढोल्या होईपर्यंत अंडे कुठे ठेवू?"

सशांना माळ चालला असता, तरी पहिली हरकत त्यांनीच घेतली. मग भेकरांनी, मग साऱ्यांनी. धनेशिणीला कुणीच दिसत नव्हते. आवाज ओळखून तिने एकेकाचे नाव घेत आभार मानले.

"पुरे बाई," साळिंदर म्हणाले, "अंड्याकडे बघ."

वाघ म्हणाला, "विचार करून सांगतो."

पुढे लिंपण फोडून मायलेकरे बाहेर आली, पिल्लू उडूही लागले. वाघाचा निकाल अजून यायचा आहे.