करडई वाढली

“किती वाढली, अक्का? नुसतं वाढली म्हणून भागत नाही. आकडा सांगा.”

चंद्राक्का सुपात जोंधळा निवडत होती. मान वर केली नाही.

“सगळी वाढली,” ती म्हणाली.

हणमंत टेकाळे खूश झाला. तालुक्याच्या बियाणं खात्यातला माणूस. तेलबियांचा साठा कुठल्या कोठारात दर साली किती चढला, किती उतरला, हे लिहायचं त्याचं काम. तीन वर्षांपूर्वी “तुमच्याकडून शिकायला आलोय” म्हणून अक्काच्या पाया पडला, आणि तेव्हापासून अक्कालाच शिकवत होता.

अक्का मठाचं कोठार चाळीस वर्षं सांभाळते. पाच गावं सुगीला तिथं बी ठेवतात, पेरणीला नेतात. तिच्यापुढं बसून लोक शहाणे होऊन उठतात. काही नुसतेच उठतात.

हणमंतानं वही उघडली.

“हे बघा. पहिल्या साली तुम्ही म्हणालात, जवस वाढलं. लिहिलं. दुसऱ्या साली, तीळ वाढले. लिहिले. औंदा श्रावणात तुमची चिठ्ठी, करडई वाढली, लवकर या. तीन वर्षं पाऊस धड नाही, सगळीकडचा साठा उतरलाय, आणि माझ्या वहीत तुमचा बाण दर साली वर! बैठकीत साहेबांनी माझं नाव घेतलं.”

अक्का सांगते ती चिठ्ठी लिहिणारी मी. चिठ्ठीत चूक नव्हती.

“म्हणून तो कागद पाठवलास होय?” अक्का म्हणाली.

“मानपत्र आहे ते.”

“लावलंय कोठारात. कणगीच्या वर.”

“छान केलंत. आता दहा पोती करडई काढा. टेम्पोत वीस आहेत, नदीकाठच्या गावांना न्यायचीत. त्यांच्याकडं काहीच नाही बिचाऱ्यांकडं.”

अंगणात आम्ही बाया उभ्या होतो, पाचही गावांच्या. करडई पेरायचं हस्त नक्षत्र आठ दिवसांवर. पेरायला पसाभर करडई नव्हती कुणाच्या घरात. गयाबाईनं तोंड उघडलं, पण अक्कानं तिच्याकडं नुसतं बघितलं.

अक्कानं कमरेची किल्ली काढली आणि त्याच्यापुढं टाकली.

“जा. आहे तेवढी घे.”

तो आत गेला.

एकेका कणगीचं झाकण वाजलं.

मग आतून ओरडला, “अहो, हे तर संप...”

अक्का उठली कधी तेच कळलं नाही. एरवी गुडघे धरून चालते. पण त्याचा शब्द पुरा व्हायच्या आत हिचा हात त्याच्या तोंडावर.

“हळू. कोठार ऐकतंय.”

हणमंत बाहेर आला. तोंड पांढरं पडलेलं.

“तिन्ही कणग्या रिकाम्या आहेत, अक्का. उंदीरसुद्धा नाही आत. तुम्ही तर वाढली म्हणालात!”

“म्हणाले की. तीन वर्षं म्हणतेय. लोकांनी नेलं ते उगवलं नाही, परत कुठनं आणून घालतील? मी चिठ्ठ्या पाठवते, तू कागद पाठवतोस.”

“पण वाढली म्हणजे...”

“तुझ्या आईची बांगडी फुटली की ती काय म्हणते?”



“...वाढली.”

“आणि तू काय लिहितोस? बांगड्या जास्त झाल्या?”

गयाबाई फसकन हसली. टेम्पोवालाही हसला. हणमंतानं बघितल्यावर वाकून टायर तपासायला लागला.

“घरातलं मीठ सरलं तर?” अक्कानं विचारलं.

“वाढलं म्हणतात...” तो पायरीवर बसला. “घरात सगळं कळतं हो, अक्का. वही उघडली की कळेनासं होतं.”

मग त्याचं लक्ष आमच्याकडं गेलं.

“आणि ह्या?”

“तुझा सत्कार करायला आल्यात,” अक्का म्हणाली.

त्यानं फोन काढला.

“साहेब, इथली करडई...” अक्का कोठाराच्या दारात, त्याच्याकडं बघत. त्याची जीभ उचलेना. “...वाढली, साहेब.”

“वा, टेकाळे!” फोनमधला आवाज अंगणभर ऐकू आला. “मग भरा की दहा पोती!”

गयाबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

हणमंत उठला. अंगणातून बाहेर पडला, रस्ता ओलांडला, पार पलीकडच्या बाभळीखाली जाऊन उभा राहिला. कोठाराकडं पाठ केली आणि ओरडला,

“संपली, साहेब! एक दाणा नाही! माझ्या वहीतले तिन्ही बाण उलटे आहेत. ह्यांनी कळवलं होतं. मला वाचता आलं नाही.”

मग नुसता फोन कानाला. आम्हाला काही ऐकू येईना. त्यानं एकदा मान हलवली. पुन्हा हलवली... पाचही गावं त्या मानेकडं बघत होती.

एकदम हात वर करून टेम्पोवाल्याला हाक मारली.

“माघारी घे! कोठाराला लाव! सगळी उतरव!”

“सगळी?”

“वीसच्या वीस! नदीकाठाला पंधरा दिवसांनी पेरतात. त्यांना दुसरी गाडी येतेय.”

पहिलं पोतं कोठारात धप्पकन पडलं. त्या आवाजाबरोबर गयाबाई भिंतीला टेकून खाली बसली. तोंडाला पदर. हसते का रडते कळेना. मीही बसले.

वीस पोती हणमंतानं स्वतः खांदा देऊन उतरवली. मग अंगावरची धूळ तशीच ठेवून अक्कापुढं आला, वही तिच्या पायाशी ठेवली.

“तीन वर्षं येतोय इथं. फार हुशार समजत होतो स्वतःला.”

“मग?”

“ती हुशारी आज संपली, अक्का.”

अक्कानं झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

“असं बोलू नये. वाढली म्हण.”