भेग आणि पाट्या

फार वर्षांपूर्वी एका माळावर प्रेस्बिटेरियन मंडळीचं चर्च होतं. त्याची पुढची मातीची भिंत पार कावली होती. छपराला कौलं घातली, ठोक तिच्यावर संगमरवरी पाटी. घंटा टांगली, ठोक पाटी. पाळक बदलले, ठोक पाटी!

“अहो, आधी माझी भेग लिंपा की!” भिंत करवादली.

“गप बस गं,” पाट्या म्हणाल्या. “चर्चचा इतिहास आमच्यावर लिहिलाय.”

शताब्दीची पाटी ठोकताना भिंत धाडकन कोसळली. पाट्यांचे तुकडे झाले.

रविवारी मंडळी चिंचेखाली बसून पूर्वीसारखीच गायली. ढिगाऱ्यातल्या मातीला वाटलं, चला, पाट्यांवाचून काही अडत नाही हे आता तरी यांना कळलं.

गाणं संपताच मंडळीचे एक पंच, शलमोनराव, उठले. “भिंत काय, उभी राहील हो. पण पाटीवर पहिलं नाव कुणाचं?”