रायवंताचं डबकं

मोहबोडीइतकं इमानदार गाव आख्ख्या तलावांच्या मुलखात सापडायचं नाही. आता हे मोहबोडीवालेच सांगतात आणि शेजारची गावं ऐकून खोकतात, ते सोडा.

फार मागची गोष्ट. सलग दोन सालं पाऊस रुसला. त्यात झोलबा पाटलानं आपल्या उसासाठी तुडुम, म्हणजे तलावाची मोरी, उघडीच ठेवली. पाटलाचं बघून बाकीच्यांनीही पाणी ओढलं. तलाव आटत आटत पाळीखालच्या, म्हणजे बांधाच्या पायथ्याच्या, एका डबक्यावर आला. साऱ्या तलावाची मासळी त्यात दाटीनं तडफडायला लागली.

मासेमारीवर जगणारी रायवंता ढिवरीण हात जोडत दारोदार फिरली. "एवढं डबकं ठेवा जी. उद्याच्या मासळीचं बेनं हाये त्यात."

सगळे हो म्हणाले. पाटील तर सगळ्यांत मोठ्यानं.

दुसऱ्या दुपारी पाटील डबक्यावर गेला. नुसता बघायला. टोपली पाठीमागं धरली होती, एवढंच. तिथं बघतो तर आख्खं गाव नुसतं बघायला आलेलं, आणि एकाचेही हात पुढं नाहीत! माळकरी बुवासुद्धा होते, माळ सदऱ्यात खुपसून. मग कोणीतरी हसलं, सगळेच हसले, आणि हसता हसता डबकं उपसून झालं.

पुढच्या पावसात तलाव काठोकाठ भरला, पण मेलेला. मासा नाही, पाखरू नाही. पाणी हिरवं, डासांनी भरलेलं. बैल तोंड लावीनात, घरोघर हिवताप.

तेव्हा रायवंता डोक्यावर रांजण घेऊन आली. असं म्हणतात, त्यात शेवटची मासळी होती, आणि स्वतःच्या वाटणीचं पाणी ओतून तिनं ती जगवली होती. ती तशीच तलावात शिरली. असं म्हणतात, ती चालली तिथवर पाणी निवळत गेलं. ती चालतच राहिली. शेवटी वर फक्त रांजणाचं तोंड दिसलं, मग तेही नाही.

पाटलाला हाक मारायची होती. कोणत्या तोंडानं मारणार? पाठीमागं बांधलेले हात तेवढे त्यानं पुढं केले. रिकामे.

तेव्हापासून उन्हाळ्यात तलाव डबक्यावर आला की सारं गाव तळहात पुढं करून पाळीवर उभं राहतं. तिथं हात मागं बांधून साहेबालाही उभं राहू देत नाहीत.

यंदा सरपंचानं, झोलबाच्याच पणतूनं, सगळ्यांच्या आधी हात पुढं केले. "बघ बायजाआजी, रिकामे!"

ढिवरपुऱ्याची म्हातारी बायजा त्याच्या हातांकडे बघतच नव्हती.

"हात रिकामे हायेत बाबू. पायाखाली दाबलेला पाइप कोनाचा होय?"