एक अंजीर आणि अख्खी मंडई

माझी शाळा सातवीतच सुटली, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका आणि साधे शब्द सांभाळून घ्या.

बहिणीची दोन लेकरं घेऊन मी शहरातली मंडई दाखवायला गेलो होतो. रासकरशेठांच्या गाळ्यावर अंजिरांची पाटी होती. पाच वर्षांच्या कस्तुरीने हळूच एक अंजीर दाबून पाहिलं.

शेठ गरजले, "दाबलंस? आता ही पाटी कोण घेणार? ए मामा, अख्खी पाटी उचल!"

पाटी घेतली असती तर परतीच्या एसटीला पैसे उरले नसते. धाकटा बाबू रडायला लागला. मी खाली मान घालून कसंबसं म्हणालो, "शेठ, दाबलेलं तेवढं काढून द्या. मी घेतो."

"काढतो की! चाळीस वर्षं अंजीरच विकतोय."

शेठ अंगठ्याने एकेक अंजीर दाबून पाहू लागले. "हे नाही... हेही नाही..." करत ते पाटीच्या तळाला पोचले. भोवती गर्दी जमली.

मी घाबरतच विचारलं, "शेठ, एक दाबलं तर अख्खी पाटी घ्यायची. तुम्ही तर अख्खी पाटी दाबलीत. मग आता अख्खी मंडई घेणार का?"

शेजारची भाजीवाली मावशी हसता हसता मेथीच्या जुड्यांवर आडवी झाली. शेठ म्हणाले, "जा बाबा, पोरं घेऊन घरी जा!"

एसटीत कस्तुरी माझ्या कानाशी लागली. "मामा, मी दोन दाबली होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने मी पुन्हा मंडईत गेलो आणि दोन अंजिरं मागितली. शेठनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि म्हणाले, "तूच निवड, बाबा."