भोयांचं तळं

फार मागं, भोयांच्या तळ्याला कुणी तारेचं कुंपण घातलं आणि भोयांची वाट बंद झाली. बगळा कासवाला म्हणाला, "दादा, आता सगळी मासळी आपलीच."

"आणि जलपर्णी कोण उपटणार रे?" कासवानं विचारलं. भोई दरसाल आधी तळं साफ करत, मगच जाळं टाकत. पोटात अंडी असलेली, गाभोळीची मासळी आली तर पाण्यात परत सोडत.

"तुला म्हातारचळ लागलाय," बगळा म्हणाला.

हळूहळू जलपर्णीनं सारं पाणी झाकलं. मासे गुदमरून मेले. कासव निघून गेलं. पुढं बऱ्याच वर्षांनी कुंपणही गंजून पडलं. काठावर म्हातारा सुकल्या भोई आला, तसा उपाशी बगळा म्हणाला, "काका, वाट मोकळी झाली. पोरांना घेऊन तळं साफ करा."

"कुंपणापायी पोरं कधी पाण्यात उतरलीच नाहीत, बाबा. त्यांना हे काम कुठून येणार?" सुकल्या म्हणाला आणि तिथंच बसून राहिला.