पार्णादीचे नामदान

त्रेतायुगाचा अखेरचा पाद चालू होता. हिमवंताच्या उत्तरेस, कुबेराच्या अलकानगरीच्याही पलीकडे, महाचीन नावाचा विस्तीर्ण देश नांदत होता. आणि त्या देशाच्या वायव्य सीमेवर, चहूबाजूंनी हिमशिखरांनी वेढलेली व एका शुभ्रसलिला नदीने दुभंगलेली एक दरी होती. वर्षातले सहा महिने तेथे बर्फ पडून राही. भात पिकत नसे आणि जवाचे दाणे भरण्याआधीच त्यांना थंडी गाठी. परंतु विधात्याने त्या दरीला एक वृक्ष मात्र मुक्तहस्ताने दिला होता. वसंतात त्यावर किंचित गुलाबी झाक असलेली पांढरी फुले येत आणि शरदात त्याच्या फांद्या अरुणवर्ण, गोल, रसाळ फळांच्या भाराने भूमीला टेकत. आज आपण ज्याला सफरचंद म्हणतो, ते हे फळ. दरीतले लोक ते ताजे खात, त्याच्या चकत्या करून उन्हात वाळवत, हिवाळाभर त्या चकत्यांवर दिवस काढीत आणि पितरांना त्याचाच नैवेद्य दाखवीत. त्यांच्या भाषेत त्या फळाला 'नाय' असे म्हणत.

त्याच काळी नामाशन नावाच्या असुराने वालुकासागरात एका पायावर उभे राहून सहस्र वर्षे तप केले. त्या तपाच्या उष्णतेने वाळूची काच होऊ लागली, तेव्हा ब्रह्मदेव हंसावर आरूढ होऊन त्याच्यापुढे प्रकटले आणि वर माग म्हणाले.

"पितामह," असुर म्हणाला, "राज्य मागणारे मेले आणि अमरत्व मागणारेही मेले. मला नावे द्या. ज्या वस्तूचे नाव मी गिळीन, ती वस्तू माझी व्हावी आणि कोणाही मनुष्याला तिचा उपभोग घेता येऊ नये. कोणी तिला नवे नाव घडवले, तर तेही माझे भक्ष्य व्हावे. कोणी दुसऱ्या वस्तूचे नाव उसने आणून तिला चिकटवले, तर ते चिकटू नये."

"तुझे तप शिल्लक असेपर्यंत असेच होईल," असे बोलून ब्रह्मदेव अंतर्धान पावले. नामाशनाने त्यातल्या उत्तरार्धाकडेच तेवढे लक्ष दिले. तपाचा संचय आपल्यापाशी इतका अपार आहे की त्याचा अंत कशाने होणार, असे त्याला वाटले असावे.

तो दरीत उतरला तो शरद ऋतूत, फळे पिकण्याच्या दिवसांत. त्याने जबडा उघडला आणि 'नाय' हा शब्द सगळ्या दरीच्या जिभेवरून, पाण्यावरचा तवंग ओढून घ्यावा तसा ओढून घेतला. त्या क्षणापासून लोक फळांनी ओथंबलेल्या झाडांखाली उपाशी उभे राहू लागले. डोळ्यांना फळ दिसे, पण मागायला शब्द नसे. शब्द नाही म्हणून मन अडखळे, आणि मन अडखळले की वर गेलेला हात तेथेच थांबे. पाखरांना नावाची गरज नव्हती. ती थव्याथव्यांनी आली आणि माणसांच्या डोळ्यांदेखत यथेच्छ चोची मारू लागली.

महाचीनाचा राजा वेईशान चतुरंग सेना घेऊन धावून आला. दुंदुभी गर्जल्या, ध्वजांनी आकाश झाकले गेले, दहा सहस्र धनुष्ये एकदम ताणली गेली. नामाशन टेकडीवर बसून हे पाहत होता. त्याने एकामागून एक 'धनुष्य', 'बाण', 'खड्ग', 'भाला' हे शब्द गिळले. हातातले लोखंड कशासाठी आहे हे वीरांना उमजेना. कोणी खड्गाकडे कौतुकाने पाहत राहिला, कोणी भाल्यावर रेलून उभा राहिला, आणि त्या गोंधळात असुराच्या अनुचरांनी अर्धी सेना कापून काढली. राजा परतला आणि त्याने विद्वानांची सभा भरवली. पाखरे त्या झाडांवर गर्दी करतात हे पाहून विद्वानांनी फळाला 'लिन-चिन', म्हणजे वनात पाखरे आणणारे, असे सुंदर नाव घडवले. ते उच्चारले गेले त्याच दिवशी असुराने खाल्ले आणि तृप्तीने ढेकर दिली.

तेव्हा राजाने दंडकारण्यात दूत पाठवला. तेथे गोदावरीच्या काठी पर्णाद मुनींचा आश्रम होता. शब्द कोठून येतो, वस्तूला कसा बिलगतो आणि केव्हा सुटतो, हे शास्त्र त्यांच्याइतके कोणालाच अवगत नव्हते. पण मुनी आता अतिवृद्ध झाले होते. त्यांनी दूताचे सगळे म्हणणे ऐकून घेतले आणि कन्येला बोलावले. ती ब्रह्मवादिनी होती. वय चाळिशीच्या घरात, वाणी स्वच्छ, दृष्टी निर्भय. पित्याच्या नावावरून सगळे जग तिला पार्णादी म्हणे.

"माझे पाय आता नदीच्या घाटापर्यंतही पोचत नाहीत," मुनी म्हणाले. "तू जाशील?"

"जाईन, तात. पण हा असुर शस्त्राने मरणारा नाही आणि मंत्रानेही नाही. त्याने वर कोणत्या शब्दांत मागितला, ते मला नेमके कळायला हवे."

"ते तुला तोच सांगेल. वर मिळालेल्याला तो सांगितल्यावाचून चैन पडत नाही."

अकरा महिने प्रवास चालला. वाटेत दूताकडून ती त्याची भाषा शिकत गेली, आणि दरीत पाऊल टाकले तेव्हा पुन्हा शरद आला होता. झाडे लाल झाली होती. पहिल्याच बागेत तिला हानशू भेटली. ही वृद्धा त्या बागेची रखवालदारीण होती. तिच्या गालांची हाडे वर आली होती आणि तरीही ती खाली पडलेली पाने झाडून एका बाजूला करीत होती.

"भगवती, गेल्या वर्षी माझा नवरा या झाडाखाली गेला," हानशू म्हणाली. "वरून एक पिकलेलं त्याच्या छातीवर पडलं होतं. मी ते उचललं. त्याच्या ओठाशी न्यायचं होतं, एवढं मला कळत होतं. पण हे काय आहे आणि त्याला काय म्हणून द्यायचं, ते काही केल्या आठवेना. मी ते हातात धरून बसले आणि तो गेला."

पार्णादीने तिच्या हातातला झाडू घेऊन खाली ठेवला आणि तिला आपल्याजवळ बसवले. "या वर्षी तू ते हातात धरून बसणार नाहीस," ती म्हणाली. हे सांत्वन नव्हते. वैद्य रोग्याला दिवस सांगतो, त्या सुरात ती बोलली होती.

राजा वेईशान तिला भेटायला स्वतः बागेत आला. त्याने वंदन केले आणि म्हणाला, "आर्ये, आपल्या देववाणीत शब्दांचा महासागर आहे. त्यातून असे एखादे प्रचंड नाव घडवा, की ते त्याच्या गळ्यात अडकेल."

"राजा, नवे नाव घडवणे म्हणजे त्याच्या पानात आणखी एक पदार्थ वाढणे आहे. मला आधी त्याचा वर ऐकू दे."

पित्याने सांगितले होते तसेच झाले. परदेशातून कोणी विदुषी आली आहे हे कळताच नामाशन दुसऱ्या दिवशी मध्यान्ही नदीकाठी प्रकटला. त्याचे मस्तक देवदारांच्या शेंड्यांना लागत होते, आणि त्याच्या पोटातून गिळलेल्या शब्दांची अस्पष्ट कुजबुज सतत ऐकू येत होती. त्याने आपला वर अक्षरन् अक्षर म्हणून दाखवला, अगदी ब्रह्मदेवांच्या उत्तरासकट.

"नवे नाव मी खातो आणि उसने नाव चिकटत नाही," तो शेवटी म्हणाला. "आता तुझे शास्त्र काय करणार ते बघ."

पार्णादीने तीन दिवस मौन धरले. नवे नाव नको आणि उसने नाव नको, हे स्पष्ट होते. मग नाव वस्तूपाशी जाण्याचा तिसरा मार्ग कोणता, याचा ती विचार करीत राहिली. तिसऱ्या दिवशी नदीत अर्घ्य देताना ओंजळीतले पाणी बोटांवरून निसटले, आणि त्या क्षणी तिला मार्ग सापडला. असुराने उसने नाव वर्ज्य केले होते, पण दान दिलेल्या नावाचा त्याने विचारच केला नव्हता. उसने दिलेले परत येते, म्हणून ते पक्के बसत नाही. दान दिलेले परत येत नाही. आणि दिलेले दान जो हिरावून घेतो, त्याचे सहस्र वर्षांचे तपही क्षणात जळून जाते, हा सृष्टीचा नियम ब्रह्मदेवांनाही मोडता येत नाही.

पण जे स्वतःचे आहे तेवढेच दान करता येते. पार्णादी हे नाव पित्याचे होते, गोत्राचे होते. तिच्या एकटीच्या मालकीचे असे एकच नाव तिच्यापाशी होते. तिच्या जन्माच्या वेळी माता रेणुमतीने बाळाचे लालचुटुक ओठ पाहिले, कुंपणावरच्या बिंबीच्या वेलीचे पिकलेले फळ तोडून त्या ओठांशी धरले आणि जिभेवर मध-पाण्याचे बोट फिरवत कानात तिला 'बिंबा' म्हणून हाक मारली. ते नाव जगात फक्त आईच्या तोंडी होते. गोदावरीच्या घाटावरून, गोठ्यातून, आजारपणात उशाशी बसून रेणुमतीने चाळीस वर्षे तीच हाक मारली होती. ती हाक आपण पुन्हा कधी ऐकणार नाही, हे पार्णादीला कळत होते. तिचे डोळे भरून आले. मग तिने तोंडावर पाणी मारले आणि ती बागेकडे निघाली.

चौथ्या दिवशी सूर्योदयाला राजा, प्रजा आणि उरलेली सेना बागेत जमली. नामाशनही आला. पार्णादीने सर्वांत जुन्या वृक्षाच्या मुळाशी दर्भ अंथरले, पूर्वाभिमुख बसली आणि उजव्या हातात पाणी घेतले.

"काय देणार आहेस?" असुराने विचारले.

"बिंबा हे नाव."

नामाशन हसला. "ते एका वेलीचे नाव आहे. तू ते उसने देते आहेस."

"वेलीच्या फळावरून माझ्या आईने ते घेतले आणि जन्माच्या दिवशी मला दिले. ज्या दिवशी दिले, त्या दिवसापासून ते माझे झाले. तू वर मागितलास तेव्हा उसनवारीचा विचार केलास. देण्याचा विचार तुला सुचला नाही, कारण तू जन्मात कोणाला काही दिलेले नाहीस."

असुराच्या पोटातली कुजबुज थांबली. तो किंचित पुढे झुकला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "दिलेस तर तुझी आई तुला कशाने बोलावील?"

"ते माझे आणि तिचे आम्ही पाहून घेऊ," पार्णादी म्हणाली. "तुला मात्र आधीच सांगते, हे नाव एकदा दिले गेले की त्याला तोंड लावू नकोस. दत्तापहाराचे पाप तुझे तप जाळून टाकील. मी सांगितले नाही असे नंतर म्हणू नकोस."

मग तिने देश, काळ आणि गोत्र यांचा उच्चार केला आणि स्पष्ट स्वरात म्हणाली, "मातृदत्त, अनुच्छिष्ट, माझे स्वतःचे असे बिंबा हे नाम मी या वृक्षाला व याच्या फळाला देते. न मम." हातातले पाणी मुळाशी पडले. त्याच क्षणी तिच्या अंतरातून काहीतरी निघून गेले. आपण आत्ता काय दिले, ते तिला आठवेना.

हानशूच्या ओठांवर मात्र तो शब्द आला. त्या देशाच्या जिभेवर तो जरा बदलला. "पिन-पो," ती म्हणाली. तिचा हात वर गेला, थांबला नाही, आणि फळ देठासकट तिच्या तळहातावर आले.

आपला मानभंग नामाशनाला सहन झाला नाही. त्याने जबडा उघडला आणि सगळ्या बागेवर पसरलेले ते नाव एका श्वासात ओढून गिळले. ते त्याच्या कंठाखाली उतरले मात्र, आणि तेथून ज्वाळा उठली. सहस्र वर्षांचे तप वाळलेल्या गवतासारखे पेटले. वर सांभाळणारे तप संपले, तसा वरही संपला. पर्वत कोसळावा तसा तो नदीत कोसळला. पाणी उकळून वाफेचा स्तंभ आकाशाला भिडला, आणि त्या वाफेतून गिळलेले सगळे शब्द पाखरांसारखे बाहेर पडले. सैनिकांना खड्ग आठवले, शेतकऱ्यांना 'नाय' आठवले, विद्वानांना 'लिन-चिन' आठवले, आणि सर्वांत शेवटी 'पिन-पो' परत येऊन झाडावर स्थिरावले. लोक तोंडाने ते नाव घेत फळे तोडू लागले. हानशूने पहिले फळ नवऱ्याच्या थडग्यावर नेऊन ठेवले आणि दुसरे तेथेच बसून स्वतः खाल्ले.

त्या वेळी शुभ्रवस्त्रा वाग्देवी नदीच्या पैलतीरी प्रकट झाली. "पार्णादी," ती म्हणाली, "दिलेले नाव मलाही परत आणता येणार नाही. तू एकटीच ते विसरलीस असे नाही. तुझ्या देशातल्या लोकांच्या रोजच्या बोलण्यातून ते गेले आहे. छंदांत बांधलेले तेवढे उरेल, कारण ते तुझे नव्हते. पण ज्या मुखाने ते प्रथम दिले, त्या मुखाला मी वर देते. तुझी आई तुला भेटताच जो शब्द बोलेल, तो तुझ्या देशात टिकेल."

राजा वेईशानाने रथ, रेशीम आणि सुवर्ण पुढे केले. पार्णादीने वाळवलेल्या फळांची एक परडी तेवढी घेतली आणि ती दक्षिणेच्या वाटेला लागली.

गोदावरीच्या काठी ती पोचली तेव्हा रेणुमती कुंपणाशी उभी होती. अकरा महिन्यांपूर्वी एके दिवशी अचानक लेकीची हाक तिच्या तोंडातून नाहीशी झाली होती, आणि तेव्हापासून ती रोज वाटेकडे डोळे लावून तेथे येत असे. लेक समोर दिसताच तिने बोलायला तोंड उघडले. शब्द आला नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग तिने दोन्ही हातांनी लेकीचा चेहरा धरला, ओठांवरून अंगठा फिरवला, ते अजून तसेच लाल होते, आणि तिच्या तोंडून निघाले, "माझं तोंडलं. आलं माझं तोंडलं."

पार्णादीने आईच्या खांद्यावर डोके टेकले आणि या नव्या हाकेला ओ दिली.

त्यांच्या बाजूला वेलीवर फळे पिकून लाल झाली होती. शेजारच्या मुनिपत्नीने परडी भरताना त्यांना त्याच नावाने पुकारले, कारण दुसरे नाव आता तिच्याही तोंडात नव्हते. महाचीनात पिन-पो या नावाला पुढे 'फळ' या अर्थाचा 'ग्वो' जोडला गेला आणि ते पिंग-ग्वो झाले. आजही तेथील लोक सफरचंदाला याच नावाने ओळखतात. इकडे बिंबफळ उरले ते कवींच्या श्लोकांत, सुंदरींच्या ओठांच्या उपमेपुरते. स्वयंपाकघरात, मळ्यात, बाजारात ती वेल आणि तिचे फळ तोंडले झाले, आणि तोंडलेच राहिले.