साठवलेल्या उन्हाचा राखणदार

डोंगराच्या कुशीत बोरधडी नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात झिपरू नावाचा एक भोळा गडी होता. अंगानं रेडा, मनानं कोकरू. एकदा सांगितलेलं तो जन्मात विसरत नसे. फक्त ते भलत्याच जागी लावायचा. माल चोख, गिऱ्हाईक भलतंच.

बोरधडीला विजेचे खांब कधी आलेच नव्हते. यंदा शाळेच्या छपरावर सौर पाट्या बसल्या आणि खालच्या खोलीत बारा बॅटऱ्या. दिवसाचं ऊन त्यात साठवायचं, त्यावर रात्री दिवे लावायचे आणि सकाळी पिठाची गिरणी चालवायची. बायकांचं दोन कोस डोक्यावरून दळण नेणं सुटलं. पण अट होती. महिन्यानं बॅटऱ्या देणारे सरकारी साहेब पाहणीला येणार. कारभार नीट दिसला तर बॅटऱ्या राहणार, नाहीतर शेजारच्या जामठीला जाणार.

सरपंच हिराबाईंनी राखणीला झिपरूला नेमलं, कारण तो खोटं बोलत नसे.

"बॅटरी म्हणजे विजेची कणगी," त्या म्हणाल्या. "घरचा गहू जपतोस ना, तशी जप."

दुसऱ्याच दिवशी गिरणी बंद. हिराबाई धावत आल्या. अंगणात गोधडीवर बारा बॅटऱ्या वाळत पडलेल्या. वर कडुनिंबाचा पाला. झिपरू काठी घेऊन कोंबड्या हाकत होता.

"हे काय रे?"

"गव्हाला ऊन देतो ना, बाई. नाहीतर किडे होतात."

"अरे देवा. साठवणीच्या वस्तूला ऊन लागू द्यायचं नाही. गार जागी झाकून ठेवायची."

"असं होय. आता चुकणार नाही."

घरी आला तर बायकोनं, यमुनानं, वर्षाचे पापड खाटेवर घातलेले. साठवणीची वस्तू, आणि भर उन्हात. झिपरूनं ओले पापड गोळा केले, माठाशेजारी रचले, वर पोतं झाकलं. तीन दिवसांनी पापडांना मिशा फुटल्या.

"अहो, पापडाला ऊनच लागतं," यमुना म्हणाली. "आणि कावळे बसू नयेत म्हणून वर लुगडं पसरतात. एवढंही ठाऊक नाही?"

"आता चुकणार नाही."

तो तडक शाळेच्या छपरावर चढला. पाट्या उन्हात होत्या आणि काठावर एक कावळा बसला होता. झालं. घरातली होती नव्हती ती सगळी लुगडी पाट्यांवर गेली. संध्याकाळी दिवे नाहीत, सकाळी गिरणी नाही. दळणाचे डबे घेऊन बायका रांगेत उभ्या, आणि वर लुगडी फडफडतायत.

"काय रे झिपऱ्या," एक म्हातारी म्हणाली, "शाळा बाळंत झाली का?"

हिराबाईंनी लुगडी उतरवली. "पाट्या उघड्या ठेव. आणि नीट ऐक. बॅटरी पुरती रिकामी झाली की खराब होते. पाचवा हिस्सा उरला की बंद. मग मागणारा कुणी का असेना."

"आता चुकणार नाही."

रविवारी झिपरूच्या लेकाचं जावळ होतं. सासरची मंडळी जेवायला आली. वरणाबरोबर वाढायच्या बट्ट्यांची टोपली झिपरूच्या हातात. चार हिस्से संपले, तसा तो टोपली कापडानं झाकून मांडीत घेऊन बसला.

"जावईबापू, मला अजून वाढलंच नाही," सासरे म्हणाले.

"बंद झालं."

"अहो, मी तुमचा सासरा."

"मागणारा कुणी का असेना."

सासरे उपाशीच बैलगाडीत बसले. यमुनानं कपाळाला हात लावला. "पाहुण्याला तळ लागेपर्यंत वाढावं. तो तोंडानं नको म्हणतो, मनात हवंच असतं. आग्रह करावा. जाताना बरोबर बांधूनही द्यावं. यापुढं पाहुणा रिकाम्या हातानं गेला तर याद राखा."

"आता चुकणार नाही."

महिना भरला. साहेबांची जीप आली. हिराबाई चहा टाकायला घरी पळाल्या. साहेबांनी खोली पाहिली. झाडलेली, गार, बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या.

"शाबास," साहेब म्हणाले. "खरं तर या जामठीला न्यायच्या तयारीनंच आलो होतो. पण आता नको. राहू द्या इथंच."

झिपरू गालात हसला. पाहुणा नको म्हणत होता.

साहेब गिरणी पाहून परत येतात तो सहा बॅटऱ्या जीपमध्ये.

"अहो, मी नको म्हटलं ना?"

"संकोच करू नका, साहेब." झिपरूनं आणखी एक उचलली.

"तुमच्या गावाला लागतील."

"आमचं काय, आम्ही घरचेच."

"म्हणजे गावाला नकोत का या?"

झिपरूनं हात जोडले. "तळ लागेपर्यंत न्या. तुम्ही घेतल्या तरच आम्हाला बरं वाटेल."

साहेबांनी डोकं खाजवलं. जामठीवाले रोज फोन करत होतेच. साहेब गाडीत बसले.

हिराबाई चहा घेऊन आल्या तेव्हा जीप वळणापलीकडे गेली होती. त्यांनी खोलीत डोकावलं.

"झिपरू, बॅटऱ्या?"

"पाहुण्यांना बांधून दिल्या. बाराच्या बारा."

हिराबाईंनी हातातला चहा खाली ठेवला. "मागितल्या त्यांनी?"

"छे, मागतात कुठले. फार लाजाळू माणूस. राहू द्या, राहू द्या म्हणत होते. चारदा आग्रह केला तेव्हा कुठं नेल्या." झिपरूनं कपाळावरचा घाम पुसला. "छपरावरच्या पाट्या तेवढ्या राहिल्यात, बाई. त्या उद्या सकाळी घरपोच करतो म्हणून सांगितलंय."